वचनाची शिळा
ऑर्कनी बेटावरील ओडिन-शिळेचा इतिहास

देवस्थानच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडील एका बेटावरील पाषाणाविषयी लिहावे, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पाषाणाची ही हकीकत आहे तो केवळ पाषाण नव्हता. त्याच्या साक्षीने वचने दिली जात. त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवल्यावाचून जाणारा वाटसरू विरळा असे. तान्ह्या मुलांस त्याच्या आधारे दुखण्यापासून अभय मागितले जाई. असा हा पाषाण इसवी सन १८१४ च्या डिसेंबर महिन्यात एका कुळाने फोडून टाकला. तसे करताना त्याने तत्कालीन कोणताही कायदा मोडला नव्हता. श्रद्धा असंख्यांची आणि कागद एकाचा, असा प्रसंग आला असता काय घडते, याचे हे उदाहरण असून महाजन म्हणविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

स्कॉटलंड देशाच्या उत्तर टोकापुढे पेंटलंड नामक खवळती सामुद्रधुनी आहे. ती ओलांडली की ऑर्कनी द्वीपसमूह लागतो. लहानमोठी मिळून सुमारे सत्तर बेटे. त्यांपैकी विसाच्या आसपास बेटांवर मनुष्यवस्ती आहे. उत्तर अक्षांश ५९ वर हा प्रदेश वसलेला असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात तेथे रात्र अशी जवळजवळ होतच नाही, तर हिवाळ्याच्या मध्यास दिवस सहा तासांत आटोपतो. वारा इतका की मोठी झाडे फारशी तग धरीत नाहीत. निसर्गाने लाकूड दिले नाही, पण दगड मात्र मुबलक दिला. तेथील वालुकाश्म थराथरांचा असून त्याच्या लांबरुंद फळ्या सहज सुटतात. त्यामुळे या बेटांवरील आदिमानवाने घरे, मंचक, फडताळे आणि समाध्या सर्व काही दगडातच घडविले, आणि म्हणूनच ते आजवर टिकले.

यांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या मध्यभागी दोन सरोवरे आहेत. एक हॅरे, गोड्या पाण्याचे. दुसरे स्टेनेस, ज्यात समुद्राचे पाणी शिरते. या दोहोंच्या मध्ये भूमीची एक चिंचोळी पट्टी आहे. या पट्टीच्या आग्नेय टोकाकडे स्टेनेसचे शिलावर्तुळ व वायव्येकडे ब्रॉडगरचे शिलावर्तुळ उभे आहे. स्टेनेसच्या वर्तुळात मुळात अकरा-बारा शिळा उभारण्याचा संकल्प असावा. आज चार उभ्या आहेत. त्यांतील सर्वांत उंच शिळा एकोणीस फुटांच्या आसपास असून तिची जाडी मात्र इतकी अल्प आहे की बाजूने पाहता एखादे पाते जमिनीत रोवावे तशी ती दिसते. ब्रॉडगरचे वर्तुळ याहून कितीतरी विस्तीर्ण आहे. त्याचा व्यास १०४ मीटर. मूळच्या सुमारे साठ शिळांपैकी छत्तीस शिल्लक आहेत. त्यांतील एका शिळेवर १९८० च्या जून महिन्यात वीज कोसळून ती दुभंगली. जवळच मेजहाऊ नावाचे प्राचीन समाधिगृह आहे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास मावळत्या सूर्याचा किरण त्याच्या लांबट प्रवेशमार्गातून थेट आतील भिंतीवर पडतो. ज्यांनी हे बांधले त्यांस सूर्याच्या अयनाचे ज्ञान होते, हे यावरून स्पष्ट होते.

हे लोक कोण होते? त्यांची भाषा आपणांस ठाऊक नाही, त्यांच्या देवतांची नावे ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या हातांचे काम बरेच काही सांगून जाते. १९७३ व १९७४ साली ग्रॅहम रिची यांनी स्टेनेस येथे उत्खनन केले. वर्तुळाभोवतीचा खंदक प्रत्यक्ष खडकात खोदलेला असून त्याची खोली दोन मीटरच्या सुमारास होती, असे त्यांना आढळले. लोखंड नाही, तांबे नाही. हे खोदकाम दगड, हाडे व शिंगे यांच्या हत्यारांनीच झालेले. वर्तुळाच्या मध्यभागी चार दगडी फळ्यांनी बांधलेले चौकोनी अग्निकुंड मिळाले. खंदकात गुरे व मेंढ्या यांची हाडे सापडली. किरणोत्सारी कर्बाच्या परीक्षेवरून या स्थळाचा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आगेमागे ठरला. म्हणजे मिसर देशातील गिझाच्या पिरॅमिडांहूनही हे वर्तुळ काही शतकांनी जुने आहे.

पुढे १९८४ मध्ये या वर्तुळाच्या उत्तरेस अवघ्या काही पावलांवर, सरोवराच्या काठी, बार्नहाऊस नावाची वस्ती उजेडात आली. तेथील प्रत्येक घराच्या मध्यभागी तसेच चौकोनी अग्निस्थान होते. घरातील चूल व सार्वजनिक स्थानातील कुंड या दोहोंची घडण एकच, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या अग्नीभोवती कुटुंब बसे, त्याच अग्नीचे मोठे रूप साऱ्या समाजाने मध्यभागी स्थापिले, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. २००३ पासून २०२४ पर्यंत याच पट्टीवर, दोन वर्तुळांच्या मधोमध, भव्य दगडी वास्तूंचा एक समूह उत्खनित करण्यात आला. त्यावरून हा परिसर दूरदूरच्या लोकांच्या एकत्र येण्याचे केंद्र होता, हे निःसंशय ठरले आहे.

स्टेनेसच्या वर्तुळाच्या उत्तरेस, वर्तुळापासून अलग, एक शिळा एकटीच उभी होती. उंची सुमारे आठ फूट, रुंदी तीन-साडेतीन फूट आणि जाडी अवघी नऊ इंच. तिच्या एका कडेकडे आरपार गोल छिद्र होते. त्यातून मनुष्याचा हात सहज जाई. हीच ओडिनची शिळा. ओडिन हा नॉर्वे, डेन्मार्क इत्यादी देशांतील प्राचीन लोकांचा श्रेष्ठ देव. परंतु येथे एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. नॉर्वेचे लोक या बेटांवर आले ते इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत. त्यांच्या आगमनापूर्वी पिक्ट नावाचे लोक येथे नांदत होते, आणि शिळा उभारणारे तर त्यांच्याही पूर्वी तीन हजारांहून अधिक वर्षे होऊन गेले. अर्थात शिळा ओडिनहून प्राचीन आहे. नव्याने आलेल्यांनी जुन्या शिळेस आपल्या देवाचे नाव दिले, एवढाच याचा अर्थ. स्थान तेच, महिमा तोच, नाम मात्र पालटले. असे स्थलांतर व नामांतर आमच्या वाचकांस नवे वाटू नये.

पुढे नॉर्वेचे हे लोक ख्रिस्ती झाले. १४६८ साली डेन्मार्क व नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याने आपल्या कन्येच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. ती पुन्हा सोडविली गेली नाहीत. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेची लाट आली. संतांच्या मूर्ती, यात्रा, नवस या सर्वांवर बंदी आली. राजे पालटले, भाषा पालटली, धर्म एकदा नव्हे तर दोनदा पालटला. तरी शिळेपाशी जाणाऱ्यांची वाट मोडली नाही.

तेथील रीतीची वर्णने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रवाशांनी व पाद्र्यांनी लिहून ठेवली आहेत. नववर्षाच्या आरंभी आसपासच्या गावांतील तरुण-तरुणी चार-पाच दिवसांची शिधासामग्री घेऊन स्टेनेसच्या चर्चपाशी जमत. ज्या जोडप्याने विवाहाचा निश्चय केला असेल ते मंडळीतून हळूच निघून प्रथम स्टेनेसच्या वर्तुळात जाई. त्यास त्या काळी चंद्राचे मंदिर म्हणत. तेथे वधू गुडघे टेकून, दिलेले वचन पाळण्याचे बळ मिळावे म्हणून ओडिनची प्रार्थना करी. मग ती दोघे ब्रॉडगरच्या वर्तुळात, म्हणजे सूर्याच्या मंदिरात जात. तेथे वर तीच प्रार्थना करी. अखेरीस दोघे छिद्राच्या शिळेपाशी येत. एक या बाजूस, दुसरा त्या बाजूस. छिद्रातून उजवे हात परस्परांच्या हाती देऊन एकनिष्ठतेची शपथ घेतली जाई. हे वचन मोडणाऱ्यास समाजात थारा नसे. जो विवाह पुढे सुखाचा ठरत नसे त्याचाही एक मार्ग होता. पती-पत्नी स्टेनेसच्या चर्चमध्ये एकत्र प्रवेश करीत व एक दक्षिणेच्या, दुसरे उत्तरेच्या दाराने बाहेर पडत. की संबंध संपला. तान्ह्या मुलास छिद्रातून पार केले असता त्यास म्हातारपणी कंपवात होत नाही, अशी समजूत होती. आणि जो कोणी शिळेपाशी जाई, तो भाकर, चीज, चिंधी, निदान एखादा खडा तरी तेथे ठेवीच. रिक्तहस्ते दर्शनास जाऊ नये, हा संकेत त्या शीत प्रदेशातही होता.

या वचनाचे वजन किती होते, हे एका प्रसंगावरून कळते. अठराव्या शतकात एका तरुणाने विवाहाचे आमिष दाखवून एका मुलीस फसविले व ती गरोदर राहताच तिचा त्याग केला. प्रकरण चर्चच्या पंचांपुढे आले. हे पंच म्हणजे गावातील वडीलधारी, कट्टर ख्रिस्ती मंडळी. परंतु त्यांनी त्या तरुणाशी इतकी कठोर वर्तणूक केली की खुद्द पाद्री चकित झाला. अशा अपराधाची प्रकरणे त्याने यापूर्वीही पाहिली होती. मग याच तरुणावर एवढा रोष का? पंचांनी सांगितले की हा मनुष्य किती दुष्ट आहे ते आपणांस ठाऊक नाही. याने ओडिनचे वचन मोडले आहे. परगावाहून आलेल्या पाद्र्यास या शपथेचा अर्थ तेव्हा प्रथमच समजला, असे या प्रसंगाची नोंद करणारा लेखक म्हणतो. चर्चच्या आसनावर बसलेले पंच ओडिनच्या शपथेचा भंग अक्षम्य मानतात, यात वरकरणी विसंगती आहे. किंचित खोल पाहिले तर ती उरत नाही. देवाचे नाव कोणतेही असो, साक्ष ठेवून दिलेला शब्द हा शब्दच होय, एवढेच त्या वृद्धांना म्हणावयाचे होते.

दुसरी कथा जॉन गो नामक चाच्याची आहे. गोचे बालपण ऑर्कनीत गेले होते. सागरावर लूटमार करून तो १७२५ साली बेटांवर परतला तेव्हा एका प्रतिष्ठित घरातील कन्येने या शिळेच्या साक्षीने त्यास वचन दिले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. त्याच वर्षी गो पकडला जाऊन लंडनमध्ये फासावर गेला. तेव्हा ती कन्या एवढा दूरचा प्रवास करून लंडनला गेली, आणि मृताच्या हातास स्पर्श करून तिने आपले वचन परत घेतले. जिवंत हाताने घेतलेले वचन त्याच हाताकडून सुटले पाहिजे. त्यावाचून दुसरा विवाह करणे तिला मान्य नव्हते. सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट हे १८१४ च्या ऑगस्टमध्ये दीपगृहांच्या अधिकाऱ्यांसमवेत या बेटांवर आले असता त्यांनी स्ट्रॉमनेस गावातील एका वृद्धेकडून गोची हकीकत ऐकली. तिच्या आधारेच पुढे त्यांची 'द पायरेट' ही कादंबरी निर्माण झाली.

स्कॉट यांनी ऑगस्टमध्ये हा परिसर पाहिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओडिनची शिळा नाहीशी झाली.

ज्या शेतात ती उभी होती ते शेत कॅप्टन मॅके या गृहस्थाने खंडाने घेतले होते. तो मूळचा बेटांवरचा नव्हे, बाहेरून आलेला. शिळा पाहण्यास व पूजण्यास येणारे लोक शेत तुडवितात, याचा त्यास उपद्रव वाटे. उपद्रवाचे मूळच नाहीसे करावे असे त्याने ठरविले. प्रथम ओडिनची शिळा फोडली. मग स्टेनेसच्या वर्तुळास हात घातला. तेथील एक शिळा आडवी केली व एक फोडून टाकली. हे दगड गुरांच्या गोठ्याच्या बांधकामी लावले गेले असे सांगतात. बातमी पसरताच बेटांवर संतापाची लाट उसळली. त्याच्या घरास आग लावण्याचे दोन प्रयत्न झाले, असे परंपरा सांगते. परंतु मॅकेचा हात अखेर थांबला तो या आगीमुळे नव्हे. ऑर्कनीचेच सुपुत्र, विधिज्ञ व इतिहासकार माल्कम लेंग यांनी खटपट करून न्यायाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम आणविला, तेव्हा तो थांबला. आज स्टेनेसच्या चार शिळा उभ्या दिसतात त्याचे श्रेय त्या हुकुमास आहे. ओडिनच्या शिळेपुरता मात्र तो उशिरा आला.

येथे मॅकेस केवळ खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण न्यायाने पाहता तो एक शेतकरी होता. जमिनीचा खंड भरीत होता आणि पिकाची नासाडी टाळू पाहत होता. त्यास त्या शिळेत दगडाखेरीज काही दिसले नाही, कारण तिची कथा त्याच्या घरात कोणी सांगितली नव्हती. दोष त्याचा होताच. तथापि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या तेथे जा-ये होती, त्यांनीही शिळेवरील आपला अधिकार कोठे नोंदवून ठेवला नव्हता. तशी आवश्यकता कोणास कधी भासलीच नव्हती. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते त्यावर एका कुऱ्हाडीचा घाव पुरेसा होतो.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला. त्याच्या यादीत स्टेनेस व ब्रॉडगरच्या शिळांचा समावेश होता. म्हणजे शिळा फुटल्यावर अडुसष्ट वर्षांनी कायदा आला. १९०६ साली स्टेनेसचे वर्तुळ सरकारच्या रक्षणाखाली आले. आडवी झालेली शिळा पुन्हा उभी केली गेली. पण त्याच उत्साहाच्या भरात मध्यभागी यज्ञवेदीसारखी एक रचना कल्पनेने बांधण्यात आली. मुळात तशी काही रचना होती यास भक्कम पुरावा नव्हता. १९७२ साली ती पाडली गेली व मग शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. विध्वंसकाचा हात जसा घातक, तसा अज्ञ भक्ताचा हातही कधी कधी घातक ठरतो, हा या प्रकरणातील दुसरा धडा होय. १९८८ साली ओडिनच्या शिळेचा पाया ज्या खाचेत रोवलेला होता ती खाच उत्खननात सापडली. शिळा गेली, तिची जागा तेवढी निश्चित झाली. १९९९ मध्ये हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदला गेला.

या विषयाचा आपल्या प्रदेशाशी एक खरा दुवा आहे, तोही नमूद करणे उचित होईल. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील शोरापूर संस्थानात अधिकारी असलेले मेडोज टेलर यांनी दक्षिणेतील महापाषाणयुगीन समाध्यांचे सविस्तर वर्णन केले. राजनकोळूर येथील काही शिलागृहांच्या फळीस गोल छिद्र पाडलेले पाहून त्यांना युरोपातील तशाच रचनांचे स्मरण झाले. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली त्यांविषयी लिहिताना स्कॉटलंडमधील तशा खळग्यांशी त्यांची तुलना केली. दोन्हीकडचे निर्माते एकाच वंशाचे असावेत असा तर्क त्या काळी काही विद्वानांनी केला होता. तो आज टिकत नाही. आपल्याकडील ही स्मारके लोहयुगातील, म्हणजे ऑर्कनीच्या शिळांहून सुमारे दोन हजार वर्षांनी अलीकडची आहेत. संबंध रक्ताचा नाही, आणि अनुकरणाचाही नाही. उभा पाषाण पाहून मनुष्याचे मन कोठेही थबकते, एवढेच या साम्यावरून म्हणता येईल.

गोमंतकातील महाजन कुटुंबांस देवस्थान गमावणे म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील देवळे मोडली गेली तेव्हा आपल्या पूर्वजांनी रात्री-अपरात्री मूर्ती उचलून नदी ओलांडली व अंत्रुज महालात त्यांची पुनःस्थापना केली. मूर्ती हलविता येते. ओडिनच्या शिळेसारखा भूमीत रोवलेला पाषाण हलविता येत नाही. त्याचे रक्षण तेथेच उभे राहून करावे लागते. आणि असे पाषाण आपल्याकडे थोडे नाहीत. मुख्य देवालयाची मालमत्ता, दागिने, पालखी, लालखी यांची नोंद आपण काटेकोर ठेवतो. परंतु तळीच्या काठावरील वीरगळ, वडाच्या बुंध्याशी टेकलेली सतीशिळा, शेताच्या बांधावरील राखणदाराचा पाषाण, ज्यापुढे कुळकर आजही विडा व नारळ ठेवतो, यांची नोंद किती देवस्थानांच्या दप्तरी आहे? जीर्णोद्धाराच्या वेळी फरसबंदी घालताना, रस्ता रुंद करताना, नवा मंडप उभारताना हेच दगड प्रथम बाजूस सारले जातात. सारणारा दुष्ट नसतो. त्यास कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. प्रत्येक देवस्थानाने आपल्या हद्दीतील व परिसरातील अशा पाषाणांची यादी करावी. कोणता पाषाण कोठे उभा आहे, त्याची उंची-रुंदी किती, त्यास गावात काय म्हणतात, त्यापुढे कोण, केव्हा, काय ठेवतो, हे वृद्ध मंडळींस विचारून लिहून घ्यावे. कल्पनेने काही जोडू नये. स्टेनेस येथील बनावट वेदी ध्यानात असू द्यावी. ही यादी महाजनांच्या वार्षिक सभेपुढे ठेवून दप्तरी दाखल करावी, आणि तिची एक प्रत पुढील पिढीतील मुलांच्या हाती द्यावी. ऑर्कनीतील त्या गावकऱ्यांपाशी श्रद्धा होती, रोष होता, इतकेच काय, घर पेटविण्याचे धाडसही होते. नव्हता तो वेळीच लिहून ठेवलेला एक कागद.

आज त्या सरोवराकाठी ओडिनच्या शिळेच्या जागी गवत आहे. वचने देणारे हात केव्हाच मातीस मिळाले. तथापि शिळा फुटली तरी शब्द फुटत नाही. दोनशे वर्षांनंतरही तिची हकीकत सांगितली जाते ती यामुळेच. आपल्या देवस्थानातील साक्षीदार पाषाणांची हकीकत मात्र ते उभे असतानाच सांगितली जावी, त्यांच्यामागे नव्हे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.